तात्यांची फुंकर

दूधवाल्या तात्यांनाच दूध पचत नसावं, असा डॉक्टरीणबाईंना दाट संशय आला आणि तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘दूध प्या, ठणठणीत राहा’ असं उभ्या गल्लीला बजावत त्यांनी धंदा वाढवला होता. ही बातमी फुटली तर गिऱ्हाइकं तोंडावर हसतील, म्हणून सुनेला सोबत घेऊन ते गुपचूप तपासणीला आले.

बाकावर नेमक्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई बसलेल्या. "फुप्फुसं दाखवायला आलोय," तात्यांनी ठोकून दिलं.

हे खोटं थोडा वेळ टिकलंही, कारण तपासणी फुंकण्याचीच होती. दुधातली साखर पाण्यात कालवून प्यायची आणि थोड्या थोड्या वेळाने यंत्राच्या नळीत फुंकायचं. पण यंत्रावरची मुलगी भारी बोलघेवडी निघाली. ही साखर पचली नाही की आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात, त्यातून हायड्रोजन वायू तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, हे तिने खणखणीत आवाजात सांगून टाकलं. बाईंनी कान टवकारले. प्रत्येक फुंकरीला यंत्रावरचा आकडा चढत गेला, तसा तात्यांचा चेहरा उतरत गेला.

डॉक्टरीणबाई आकडे बघून म्हणाल्या, "तात्या, दूध तुम्हाला पचत नाही. पूर्वी कधी प्यायचात का?"

हा अपमान तात्यांना सोसवेना. "कधी म्हणजे? रोज मोठा पेला भरून, तोही आपल्याच डेअरीतला. पोटाने कधी कुरकुर केली नाही."

"मग त्रास कधीपासून?"

"मी डेअरी बघायला लागल्यापासून," सून भाबडेपणाने म्हणाली. "दोन महिने झाले. गोठा तोच, गुरं तीच. फक्त कॅन नळाखाली नेऊन ठेवायची पद्धत तेवढी मी बंद केली."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तात्यांना होऊन गेलं. मला दूध पचत नाही हो, असं गल्लीभर ओरडत फिरायलाही आता त्यांची तयारी होती.

बाई उठून जवळ आल्या. तात्यांनी मान खाली घातली.

"मलाही दोन महिन्यांपासूनच गुडगुडतंय," बाई हळूच म्हणाल्या. "याच तपासणीला आलेय मी. सूनबाई, उद्यापासून मला आपलं जुनंच दूध पाठवत जा."