माऊस आपोआप हलला तर

मोडेम या प्राण्याला जगात दोनच माणसं नीट ओळखतात. एक, ज्याने तो बनवला. दुसरा मी! आणि मी कुठला क्लासबिस केलेला नाही. सगळं खोलून, बिघडवून आणि परत जोडून शिकलोय. जोडल्यावर दोन-तीन स्क्रू उरतात, पण ते कंपनी जास्तीचेच देते असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून तर दाताच्या डॉक्टर मॅडमनी मला महिनाभर ट्रायलवर घेतलं. त्यांचे दवाखाने दोन. एक्स-रे निघतात जुन्या दवाखान्यात, तिथल्याच कॉम्प्युटरमध्ये राहतात. दात उपटतात नव्या दवाखान्यात. मी छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, इथल्या मोडेमने तिकडे फोन लावायचा. तिकडचा मोडेम उचलणार. की तिकडचा स्क्रीन इकडे! दोन मिनिटांचं काम!"

"चाललं तर नोकरी पक्की," मॅडम म्हणाल्या. "नाही चाललं तर..." पुढचं त्यांनी हातातल्या पकडीने हवेतच दाखवलं.

ट्रायलचा शेवटचा दिवस. खुर्चीत एक बस कंडक्टर, गाल टम्म फुगलेला. अक्कलदाढ आडवी उगवली होती आणि तिची मुळं कुठे वळलीत ते एक्स-रे बघितल्याशिवाय हात लावता येणार नव्हता.

"इंजेक्शन देऊ ना रे? तासाभरात उतरतं ते."

"द्या बिनधास्त!"

कंडक्टरने विनातिकीट पॅसेंजरकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. सुई टोचली. मी फोन लावला. मोडेम किंचाळला, पत्र्यावर मांजर घासल्यासारखा, आणि लागलं की हो कनेक्शन! एक्स-रे वरून खाली एकेक रेघ करत उतरायला लागला. वरचे दात आले... आणि टप्! स्क्रीन गार.

"काय झालं?"

"काही नाही मॅडम, लाईन जरा लाजते."

वायर काढली, फुंकली, लावली. म्हटलं तिकडच्या रिसेप्शनवरच्या मावशींना साध्या फोनवर विचारावं. बराच वेळ नुसतीच रिंग! परत लावला तर कानात "कीईईई!" मावशींना उठायला नको म्हणून पहिल्या रिंगलाच मोडेमने फोन उचलावा अशी सोय मीच करून ठेवली होती. आता मावशींशी बोलायचं कसं?

दुसरा प्रयत्न. वरचे दात, खालचे दात, अक्कलदाढेचं टोक... टप्!

"इंजिनियर," मॅडम म्हणाल्या, "अर्धा तास झाला."

मला वाटलं, वायर लांब पडतेय. मोडेम उचलून फोनच्या खोक्याजवळ आणला, पण ठेवायला जागा नाही. जागा होती ती फक्त कंडक्टरच्या मांडीवर.

"जरा धरा हां काका. हलू नका."

"अँ अँ अँ!" काका म्हणाले. तोंडात कापूस होता म्हणून वाचलो.

तिसरा प्रयत्न. लागलं! मी माऊस एक्स-रेकडे नेला, तर बाण उलटा पळाला! मी उजवीकडे, तो डावीकडे. मी एक्स-रे उघडला, त्याने बंद केला. मी परत उघडला, त्याने परत बंद केला! अंगावर काटा आला. मग स्क्रीनवर फटाफट अक्षरं उमटली: "कोण आहेस तू?"

मी टाईप केलं: "तू कोण?"

"मी इथलीच. तू चोर!"

"चोर तू! ताबडतोब बाहेर हो!"

"तूच हो मेल्या!"

"मॅडम," मी ओरडलो, "कॉम्प्युटरमध्ये चोर शिरलाय!" आणि मांडीवरच्या मोडेमची वायर खस्सकन उपटली. कंडक्टरही दचकून दीड फूट वर उडाला.

"चोराचं नंतर बघू," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की भीती वाटते. "इंजेक्शन उतरत आलंय. जा आणि एक्स-रे घेऊन ये."

सायकल काढली. तो चढ! जीभ हँडलला टेकली. जुन्या दवाखान्यात धाप टाकत शिरलो, तर मावशी विजयी चेहऱ्याने बसलेल्या. जन्मभर टायपिस्ट होत्या त्या, बोटं अजून बंदुकीसारखी चालतात.

"आलास बाळा? अरे, केव्हाची फोन करतेय तुला, तुमचा फोन सारखा एंगेज! तीनदा चोर आला. दोनदा वायर उपटून हाकलला, तिसऱ्यांदा चांगला फैलावर घेतला तर घाबरून आपणच पळाला!"

"कुणी सांगितलं तुम्हाला वायर उपटायला?"

मावशींनी भिंतीकडे बोट केलं. तिथे कागद चिकटवला होता. माझं अक्षर, मोठ्ठं! "माऊस आपोआप हलला तर चोर शिरला असे समजावे. विचार न करता टेलिफोनची वायर उपटावी. पाच मिनिटांनी परत लावावी." खाली माझी झोकदार सही.

आपोआप हलवणारा मीच असणार, हे लिहायचं तेवढं राहून गेलं होतं.

फ्लॉपीत एक्स-रे भरला आणि उतारावर ब्रेक न लावता सुटलो. पोचलो तेव्हा कंडक्टरला दुसरं इंजेक्शन चाललं होतं. मोडेम अजून मांडीवरच, जराही हललेला नाही! मी मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी एक्स-रे बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"अक्कलदाढ नक्की कुणाची काढायची, तेच ठरत नाहीये." मग घड्याळात बघितलं. "जाऊन-येऊन किती वेळ लागला रे?"

"बावीस मिनिटं."

"मोडेमपेक्षा लवकर. नोकरी पक्की."

तर आता मी पर्मनंट आहे. दोन्ही दवाखान्यांमधलं कनेक्शन रोज चालू असतं आणि एकदाही तुटलेलं नाही!

पंक्चर मात्र दोनदा झालंय.