पोस्टाचो दोतोर

दत्ताराम गावस शेतातली माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "अजून नक्की ना." म्हणजे नक्की सांगता येत नाही. त्याच्याविषयी लिहायचे मी पुष्कळ वर्षे टाळले. आता ऐंशी ओलांडल्यावर टाळायलाही वेळ उरलेला नाही.

दत्ताराम गोव्यातल्या नार्वे गावचा. माझ्या हाताखाली रसायनशास्त्रात पीएच.डी. झाला आणि पुढच्या संशोधनासाठी, म्हणजे पोस्टडॉक म्हणून, विद्यापीठातच राहिला. खाणीचा गाळ पावसात शेतात उतरतो, त्याने भाताचे काय होते, हा त्याचा विषय. फेणीच्या रिकाम्या बाटल्यांत चिखल भरून तो बसने यायचा. कंडक्टर रोज बाटलीचा वास घेई आणि रोज निराश होई.

गावाला पोस्टडॉकमधले पोस्ट कळले आणि दोतोर कळले. म्हणजे पोस्टखात्याने नेमलेला डॉक्टर! म्हाताऱ्या दारात येत. "पुता, पाय दुखता रे. पोस्टांतलें वखद दी." हा औषध आणून देई. खुलासा कधी केला नाही.

भाषेचा वाद पेटला तेव्हा विभागातल्या दोन्ही तटांनी त्याला गाठले. "तू मराठीवालो काय कोंकणीवालो?" "अजून नक्की ना." दोन्हीकडचा चहा बंद झाला. सांगून आलेल्या मुलीच्या बापाने विचारले, "नोकरी कायम?" त्यालाही तेच उत्तर. मुलगी शेवटी खऱ्या पोस्टमनला दिली.

गोवा राज्य झाले, त्या सुमारास त्याची मुदत संपली. आणखी दोन पावसाळ्यांचे नमुने मिळाले नसते, तर सगळे काम वाया जाणार होते. मुदतवाढीच्या समितीत मीही होतो. विद्वानांनी विचारले, "गाळाने शेत नासते की नाही?" त्याने आपले ठरलेले उत्तर दिले आणि बाहेर जाऊन बसला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मार्गदर्शक मी, माझा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "पोस्टाचो दोतोर तो. पोचायला उशीर लागणारच!"

मंडळी पोट धरून हसली आणि हसता हसता अर्ज नामंजूर झाला. त्या दिवसांत मराठीवाले आणि कोंकणीवाले एकत्र हसले, ते एवढेच. माझ्या हजरजबाबीपणाचे पुढे आठवडाभर कौतुक चालले होते.

निवृत्तीनंतर माफी मागायला नार्व्याला गेलो. दत्ताराम एकटाच राहत होता, शिकवण्या घेत होता. पडवीत एक म्हातारी पाय सुजवून बसली होती. तिला स्कूटरवरून डिचोलीच्या इस्पितळात न्यायचे होते.

"अरे, तू तसला डॉक्टर नाहीस, हे आता तरी सांग ह्या म्हाताऱ्यांना," मी म्हणालो.

"सांगितले तर ह्या जातील कुठे, सर?" मग चहा ओतत म्हणाला, "आणि माझ्याकडे तरी कोण येणार?"

त्याने चहा पुढे केला. "सर, त्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो. आत सगळे हसले, तेव्हा मला बरे वाटले. म्हटले, सरांनी आपल्याबद्दल काहीतरी चांगले सांगितले असणार. काय सांगितले होते?"

मी कप खाली ठेवला.

"दत्ताराम," मी म्हणालो, "शेवटची बस किती वाजता असते रे?"