चाकं लावलेली नाव

ज्या वर्षी तुळशीरामच्या मुलीचं, पायलचं लग्न झालं, त्याच वर्षी रायपूर राजधानी झालं. मांडवात जो तो कोणाला बंगला मिळेल नि कोणाची बदली होईल तेच बोलत होता. बाबाराव मेश्रामांना मात्र तलावाची पडली होती. मोठा रोहू मासा काठाला येत नाही, मधातच राहतो, हे त्यांनी तुळशीरामच्या नव्या जावयालासुद्धा ऐकवलं. लकव्यानं त्यांचा डावा पाय गेला होता.

"एकदा मधात नेऊन बसव रे तुळशा," ते म्हणाले. "मंग मी मोकळा."

रेल्वेच्या वॅगन कारखान्यात तुळशीराम वेल्डिंग शिकला ते बाबारावांच्याच हाताखाली. त्यानं भनपुरीहून प्लास्टिकचे दोन निळे ड्रम आणले, वर लोखंडी अँगलची चौकट आवळली, फळ्या ठोकल्या. नाव झाली. तलावापर्यंत ओढत न्यायची म्हणून तिला मोटरसायकलची चाकं आली. बाबाराव घरूनच बसून येणार म्हणून खुर्ची आली. घाटाला उतार म्हणून ब्रेक आला. सगळं चौकटीला वेल्ड केलेलं.

त्याची बायको मीराबाई चहा घेऊन आली नि बघत उभी राहिली. "चाकं सुटी काहून नाही ठेवत? पाण्यात कोणती सडक हाय?"

"वॅगनची चाकं कोणी खोलून ठेवते का?"

"तुमी डोंगा बनवून राहिले का मालगाडी?"

रविवारी बाबाराव खुर्चीत बसून नवरदेवासारखे मोहल्ल्यातून निघाले. नाव सडकेवर झकास चालली. ब्रेकही लागला. घाटावरून ती पाण्यात शिरली आणि शिरतच गेली. बाबारावांच्या कमरेला पाणी लागलं तेव्हा चाकं चिखलात रुतली. धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बाबाराव गळ धरून तसेच बसले होते.

"चाकं कापून टाक," ते म्हणाले. "मले पाठीवर घेऊन चाल."

"हव, पाहतो," तुळशीराम म्हणाला. पण स्वतःचं वेल्डिंग स्वतः कापायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं आणखी दोन ड्रम जोडले. त्यांच्यासाठी चौकट वाढवली, म्हणजे लोखंड वाढलं. नाव पुन्हा बुडाली. मग आणखी दोन ड्रम. आता ती फाटकातूनच निघेना, तर त्यानं फाटक पाडलं. पुढे गल्लीच अरुंद निघाली. बाबाराव दर रविवारी आंघोळ करून, गळ घेऊन दारात बसत. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

पावसाळ्यात एका दुपारी तुळशीरामनं मुकाट्यानं कटर काढला. चाकं कापली, ब्रेक कापला, खुर्ची कापली, नंतर जोडलेले ड्रम सोडले. तासाभराचं काम. उरलेली नाव त्यानं जावयाला हाताशी घेऊन उचलून नेली. ती बदकासारखी तरंगली. मधोमध जाऊन तो संध्याकाळपर्यंत बसला. गळ न्यायचं त्याला सुचलंच नव्हतं.

घरी मीराबाईनं विचारलं, "तरंगली?"

"तरंगली."



बाबाराव मेश्राम त्याच्या आठ दिवस आधी, दोन हजार एक साली आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या घरी वारले होते.