घाटापुरतं इंजिन

आमच्या शेजारच्या बसप्पाकाकांकडे पाहुणा आला, की पाणी विचारायच्या आधी तपासणी होते. पाहुण्याची नव्हे, त्याच्या गाडीची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. "तीन नंबर खोकतोय," असा निकाल देतात. माझ्या स्कूटरला सिलिंडरच एक, तरी मी घाबरून गॅरेजला जाऊन आलो.

चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा जन्म लेथवर गेला. दारात चार सिलिंडरची जुनी गाडी आहे. मागच्या वर्षी तुळजापूरच्या घाटात तिनं मान टाकली. काका ती पहिल्या गिअरात रेटत होते आणि महादेवीकाकू खाली उतरून चाकामागं लावायचा दगड हातात घेऊन मागनं चालत वर गेल्या. पुढं काकूंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या खाटेवरच आहेत. "बरी झालीस की वर नेतो. बसल्या जागेवरनं उतरायचं न्हाय," असा काकांनी त्यांना शब्द दिलाय. त्या शब्दापायी इंजिन नव्यानं बांधायचं घाटतंय.

बांधणी अजून वहीतच आहे म्हणा. बोअर किंचित मोठं, पिस्टन नवे, हेड घासून कॉम्प्रेशन थोडं चढं, म्हणजे चढावर दम वाढेल. मी आपला आगाऊपणानं म्हणालो, "कार्बोरेटरही मोठा टाका की."

"साकु, साकु! जरासंच बास. रेसला न्यायची न्हाय मास्तर, तुमच्या काकूला न्यायचीय."

साकु म्हणजे कानडीत पुरे. चहातल्या साखरेलाही काका हेच म्हणतात.

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून परवा त्यांनी वही तपासायला दिली. घाटाचा चढ, चाकांचा घेर, गाडीचं वजन, सगळं चोख. मी अडलो ते बसणाऱ्यांच्या वजनापाशी. बसप्पा अठ्ठावन्न किलो. महादेवी बहात्तर.

गेल्याच आठवड्यात दवाखान्यात काकूंना धरून काट्यावर मीच उभं केलं होतं. एकेचाळीस भरल्या.

"काका, हा आकडा चुकलाय," मी हळूच म्हणालो. आत काकू झोपल्या होत्या.

"ठाव हाय की," काका म्हणाले. "पण इंजिन सारखं सारखं खोलायचं नसतंय, मास्तर. उद्या ती परत अंगानं भरली, आन् घाटात दम कमी पडला, तर कुठल्या तोंडानं खाली उतर म्हणू तिला?"

मी बहात्तरच धरले आणि गणित शेवटपर्यंत सोडवून दिलं.