दामलेकाकांची एक शिट्टी

अमेरिकेत रेडमंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या दामलेकाकांच्या घरी विकतचा कुठलाही पदार्थ आला की तो पुन्हा एकदा शिजतो. हॉटेलातल्या इडल्या घरी येऊन परत वाफेवर बसतात. पिझ्झा झाकण ठेवून तव्यावर भाजला जातो. गणपतीत मंडळाने दिलेला मसालेभात काकांनी कुकरला लावला, त्याची पेज झाली आणि ती त्यांनी समाधानाने प्यायली. दुसऱ्याने शिजवलेलं अन्न अर्धकच्चं असतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यावर उपाय एकच, "एक शिट्टी होऊ दे."

काकू होत्या तोवर हे खूळ आटोक्यात होतं. त्या गेल्या आणि काकांना आवरणारं कोणी राहिलं नाही.

त्यांची मुलगी मुग्धा इथेच जन्मलेली. ती आणि तिचा नवरा टॉम पोर्टलंडला असतात आणि अधूनमधून रविवारी जेवायला येतात. काकांचं घर पक्कं शाकाहारी. टॉम बिचारा वरणभात चिवडतो, "व्हेरी नाइस" म्हणतो आणि ताटं उचलली की दोघं निघतात. वाटेत तो कुठेतरी बर्गर खातो, हे काकांनी कधीच ताडलं होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात काका माझ्या दारात आले. हातातली पिशवी अंगापासून लांब धरलेली. आत बीफचा तयार, शिजवलेला रोस्ट होता. मी नागपूरची आणि सगळं खाणारी, म्हणून या विषयात त्यांची एकमेव तज्ज्ञ.

"अगं नीता, स्वयंपाकघरात देव आहेत, तेव्हा हे गॅरेजमध्ये करतो. पण करायचं काय?"

मी म्हटलं, काहीच नाही. तो शिजलेलाच आहे. पाकिटातल्या रसासकट फॉइलने झाकायचा आणि तुमच्या छोट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर नुसता गरम करायचा.

काका पाकीट निरखत होते. "फुली कुक्ड असं कंपनी म्हणते. कंपनीचं काय जातंय म्हणायला?"

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी सकाळी पावसात त्यांच्या गॅरेजमधून शिट्टी ऐकू आली. मी छत्रीही न घेता धावले. पोचेपर्यंत आणखी दोन झाल्या होत्या. नाकाला पंचा बांधून काका कुकरसमोर उभे होते. वाफ गेल्यावर झाकण काढलं, तर रोस्टचा सगळा धागा धागा सुटलेला. पाकिटातला रस खराब पाणी समजून त्यांनी एका वाडग्यात बाजूला काढला होता, टाकून द्यायला.

काकांनी पंचा खाली ओढला. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"आता तो परत उपाशी उठणार," ते म्हणाले. "आणि त्याच्यासाठी ती पण लगेच निघणार."

मला भयंकर वाईट वाटलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं. तो रस लोणी घालून आटवला, धागे त्यात घोळवले. काकांच्या फ्रीझरमध्ये पावभाजीचे पाव होते. ते भाजून त्यात हे सारण भरलं. काकांना पुन्हा कुकरजवळ मात्र जाऊ दिलं नाही.

जेवायला त्यांनी मलाही थांबवून घेतलं. टॉमने पहिला घास घेतला. काका स्वतःचा वरणभात विसरून त्याच्याकडे बघत राहिले. टॉम "व्हेरी नाइस"सुद्धा म्हणाला नाही, नुसता खात सुटला. मग तोंड पुसलं आणि अजून आहे का, असं विचारलं. वर कसं केलं तेही विचारलं.

"प्रेशर कुकर," काका ताठ मानेने म्हणाले. "थ्री व्हिसल्स."

जेवण झाल्यावर टॉम जरा सोफ्यावर टेकला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला. काकांनी टीव्ही बंद केला आणि काकूंची गोधडी आणून त्याच्या पायांवर घातली. मी निघताना काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. तो उठला की ती जाईल."

तेवढ्यात मुग्धा स्वयंपाकघरातून डोकावली. "बाबा, राइस कुठे ठेवलाय? डिनरला खिचडी टाकते."

काका लगेच उठले आणि डबा दाखवायला तिच्या मागोमाग आत गेले.