बावीस काहिली

सणसरजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीला पत्र्याचं छप्पर होतं आणि एप्रिल महिना नियमानुसार सुरू झाला होता. एके दुपारी चार वर्षांची सृष्टी खिचडीच्या ताटलीवरच कलंडली. मदतनीस ठमाबाईंनी पाणी शिंपडून तिला शुद्धीवर आणलं. सेविका उत्कर्षाने त्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत अर्ज धाडला : ‘पत्र्यामुळे मुलांच्या अंगाची काहिली होते. तरी योग्य ती तजवीज व्हावी.’

आठवड्याने अर्ज परत आला. शेरा होता : ‘काहिली किती, ते नमूद नाही.’

उत्कर्षा एसटीने कचेरीत गेली. लिपिक आनंदराव शर्टाची दोन बटणं सोडून बसले होते.

“साहेब, काहिली मोजायची कशी?”

“मॅडम, काहील एक, काहिली अनेक. गूळ शिजवायची मोठी कढई. संगणकाच्या यादीत हाच अर्थ आहे.”

“अहो, काहिली म्हणजे उकाडा! जिवाची तगमग!”

“उकाडा यादीत नाही. यादीत नाही ते आम्हाला होऊ देता येत नाही,” आनंदराव मानेवरचा घाम पुसत म्हणाले. “मुलं किती?”

“बावीस.”

आनंदरावांनी आकडा लिहिला आणि सहकार्याबद्दल तिचे आभार मानले.

मे महिन्यात ट्रकमधून बावीस काहिली उतरल्या. शासकीय मालमत्ता उन्हात ठेवू नये, असं पावतीवर छापलेलं होतं. त्यामुळे काहिली आत गेल्या आणि मुलं बाहेर आली.

“बाई, ह्यात पोरं उकडायची हायत का?” ठमाबाईंनी विचारलं.

उत्कर्षाने काहिली वाढल्याची तक्रार केली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक काहिलीला हात लावून पाहिला आणि अहवाल दिला : ‘काहिली थंड आढळल्या. तक्रारीत तथ्य नाही.’

मग तिने सावलीसाठी नवा अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी घरोघरी फिरली. कुणाला सवड नव्हती. पण काहिली वाटून टाकायच्या आहेत, अशी कुणकुण लागताच सकाळी सहाला अंगणवाडीपुढं रांग लागली. पहिले होते सृष्टीचे आजोबा, सर्जेराव.

“आबा, अर्जावर सही करता ना? सृष्टीसाठी तरी?”

“करतो की! पर आदी काहील काढा. नातीच्या नावानंच आलीया न्हवं?”

काहील ट्रॅक्टरवर चढली, तशी आबांना घाई झाली.

दुपारपर्यंत बावीस सह्या झाल्या; त्या सगळ्या काहील मिळाल्याच्या पोचपावतीवर. खोली मोकळी झाली आणि मुलं पुन्हा पत्र्याखाली बसली.

सावलीचा अर्ज टेबलावर सह्यांविना पडून आहे. शेजारी पेनही ठेवलं आहे. आपणही सवडीने येऊन सही करू शकता. मात्र निघण्यापूर्वी कृपया नोंद घ्यावी : काहिली संपल्या आहेत.