जिन्यातल्या बल्बचं यमक

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयाच्या जिन्यातला बल्ब गेला. रीतसर गेला. आधी दोनदा लुकलुकला, मग टिक् असा आवाज झाला आणि अंधार पडला. वॉचमनने वहीत वेळ लिहिली, खाली सही केली आणि आपली खुर्ची उजेडात सरकवून घेतली.

साध्या माणसाला वाटेल, बल्ब गेला तर नवा लावावा. साध्या माणसाला काहीही वाटतं! बल्ब जाळीत होता, जाळीला कुलूप होतं, किल्ली वायरमनच्या कमरेला होती आणि कामाचा आदेश हातात पडल्याशिवाय वायरमन कमरेला हात लावत नसे. आदेश निघायचा तर आधी सूचनाफलक तीन दिवस लागलेला असावा लागे. आणि फलक लागायचा तर तो यमकात असावा लागे.

हे यमकाचं खूळ मोठ्या साहेबांचं. कुठल्याशा प्रशिक्षणाला चार दिवस जाऊन आले आणि येताना साक्षात्कार घेऊन आले की नागरिक बिघाडाने चिडत नाही, रूक्ष भाषेने चिडतो. लगेच परिपत्रक निघालं. यापुढे प्रत्येक सूचना दोन ओळींची असेल. पहिली ओळ बिघडलेल्या वस्तूच्या नावाने संपेल, दुसरी तिच्याशी पूर्ण यमक साधेल. फलक वाचून नागरिक हसला, तर त्याची तक्रार निकाली निघाली असे समजण्यात येईल. हसू मोजायला वॉचमन होताच.

लिहिण्याचं काम फलकरावांकडे आलं. खरं नाव पगारपत्रकात असेल ते असो, सगळ्यांच्या तोंडी फलकरावच. लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘थोडे दिवस बंद आहे लिफ्ट, पायांना व्यायामाची समजा ही गिफ्ट.’ लोक खो खो हसले. त्याला आता चौदा महिने झाले होते आणि लिफ्टबद्दल एकही तक्रार शिल्लक नव्हती. मग ‘कोरडा पडलाय आमचा नळ, तहान सोसायला मिळो बळ’. त्यालाही हशा. फलकरावांना मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला?

पण बल्ब! मंगळवारी त्यांनी डबा न उघडता क पासून सुरुवात केली. कल्ब, खल्ब, गल्ब... ‘ढल्ब’पाशी क्षणभर थबकले, पण त्याला काही अर्थ नाही म्हणून खोडून पुढे गेले. ज्ञ आला, संपलं. फलकरावांनी पुन्हा क पासून सुरुवात केली. कारण तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता आणि तिथल्या खाटेवर त्यांची आई होती. सोमवारीच ऑपरेशन झालेलं. शुक्रवारी अकराला पट्टी निघणार आणि म्हातारी खाली उतरणार. लिफ्ट बंद, म्हणजे जिन्याने. त्या ‘गिफ्ट’चं त्यांना आता हसू येईना.

ते साहेबांकडे गेले.

“साहेब, ‘दिवा’ लिहितो. दिवा, नवा, हवा... यमकांची रांग लागेल.”

“वॉचमनच्या वहीत काय गेलंय?”

“बल्ब.”

“मग दिवा गेला असं खोटं सांगायचं नागरिकांना?” साहेब दुखावले. “माझंच परिपत्रक मीच मोडलं, तर लोकांनी कोणाकडे बघायचं? कलम सात वाचा.”

कलम सात असं की, पूर्ण यमक उपलब्ध नसल्यास जवळचं यमक चालेल. मात्र जवळीक किमान पंचाहत्तर टक्के असावी व तसा मान्यताप्राप्त कानाचा दाखला जोडावा. मान्यताप्राप्त कान एकच होता. भाषा शिकवून निवृत्त झालेल्या गुरुजींचा. त्या कानासाठी तळमजल्यावर स्वतंत्र खोली होती.

बुधवारी गुरुजींनी डोळे मिटले. “म्हणा.”

“क्लब.”

“बासष्ट टक्के.”

“गल्फ.”

“अठ्ठेचाळीस. शेवटी नुसती फुंकर राहते हो.”

“पल्प?”

गुरुजींच्या भुवया वर गेल्या. “पुन्हा म्हणा बरं. अरे वा! एक्याऐंशी! बल्बला ओठ जिथे मिटतात, तिथेच मिटतात.”

फलकराव दाखला घेऊन धावतच जागेवर आले आणि लिहून मोकळे झाले. ‘जिन्यातला गेला आहे बल्ब, जपून उतरा नाहीतर होईल पल्प.’ आयुष्यात पहिल्यांदाच आपण खरी सूचना लिहिली, असं त्यांना वाटलं.

साहेबांनी गुरुवारी ती वाचली. हसले नाहीत.

“यात गंमत कुठाय? हे वाचून माणूस जपून उतरेल.”

“तेच तर हवंय ना, साहेब?”

“जपून उतरणारा माणूस मनातून चिडलेला असतो, फलकराव. क्लबच घेऊ. ‘अंधारात या, समजा हा क्लब.’ दहा टक्क्यांची सूट मी माझ्या अधिकारात देतो. उरलेल्या तीन टक्क्यांसाठी उद्या अकराला गुरुजींना घेऊन या.”

“उद्या अकराला आईला खाली आणायचंय. दहा मिनिटं सोडलंत तर...”

“अहो, आईसाठीच तर चाललंय हे सगळं!”

शुक्रवारी फलकराव सकाळीच आईला सांगून आले, “मी आल्याशिवाय हलू नकोस.” अकराला बैठक बसली. साडेअकरापर्यंत गुरुजींचा कान बासष्टवरून त्रेसष्टवर आला होता. फलकरावांचं अर्धं अंग खुर्चीत आणि अर्धं दारात. आणि एवढ्यात जिन्याकडून आवाज आला. मोठा, भरीव, अगदी स्वच्छ.

ढल्ब!

गुरुजींचे डोळे मिटलेलेच होते.

“शंभर टक्के,” ते हळूच म्हणाले.

फलकराव तोवर जिन्यात पोचले होते. आई खालच्या पायरीशी बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून.

“किती वाट बघायची रे तुझी? डोळा कसा लख्ख झालाय,” ती कण्हत म्हणाली, “पण बघायला काही दिसेल तर ना!”

हाड मोडलं होतं. त्या दुपारी फलकराव पहिल्यांदाच साहेबांसमोर आवाज चढवून बोलले. “मी नाही लिहिणार! माझी आई पडली आणि त्याचं यमक करू मी?”

“नका लिहू,” साहेब शांतपणे म्हणाले. “फलक नाही तर आदेश नाही, आदेश नाही तर बल्ब नाही. सोमवारी डोळा दाखवायला आई परत याच जिन्याने येणार ना?”

फलकरावांनी ब्रश उचलला. ‘जिन्यातला गेला आहे बल्ब, आवाज आला तर समजा, ढल्ब!’ ज्या शब्दाला अर्थ नाही म्हणून खोडला होता, त्याला आता अर्थ आला होता. अंधारात फलक वाचता येईना, म्हणून त्याच्यावर तातडीने एक वेगळा बल्ब लावण्यात आला. उजेड पायऱ्यांवर पडू नये यासाठी त्याला पत्र्याची टोपी बसवली. पायऱ्यांच्या उजेडाची मंजुरी कुठे होती?

शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार, तीन दिवस मोजले गेले. दोनशे बारा माणसं जिना चढली, दोनशे अकरा हसली. लोकांनी फलकाचे फोटो काढून घरी पाठवले. वॉचमन खूण करून करून थकला.

राहिली एक. फलकरावांची आई.

“आई, ऐक,” तिचा चांगला हात धरून चढता चढता फलकराव कानाशी लागले, “वर एक पाटी आहे. ती वाचून हसायचं नाही. तेवढी तुझी एकच तक्रार उरलीय. तू हसली नाहीस, तर उद्या बल्ब लागतो.”

“हाड मोडलंय माझं. मला कसलं हसू येतंय!”

पाटीपाशी ती थांबली. नव्या डोळ्याने एकेक अक्षर लावत वाचू लागली. पहिली ओळ झाली, चेहरा दगडासारखा. वॉचमन पेन उघडून उभा. फलकरावांचा जीव टांगणीला. दुसरी ओळ. शेवटचा शब्द. म्हातारीचे ओठ थरथरले.

“अगं बाई!” ती म्हणाली. “अरे, अगदी अस्साच आवाज झाला होता!”

आणि प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

वॉचमनने खूण केली. दोनशे बारापैकी दोनशे बारा. कामाचा आदेश काढण्याची गरज उरली नाही. फलकरावांनी डोक्याला हात लावला आणि दुसऱ्या हाताने आईला घट्ट धरून पुढच्या अंधारात पाय टाकला.

वॉचमनने मात्र वही अजून मिटलेली नाही. ‘ढल्ब’ वाचताना तुम्ही हसलात, ते त्याने पाहिलं आहे. तुमच्याही नावापुढे खूण झाली. आता उतरताना कठडा धरा.